आमची वाटचाल : बोरा बझारातला कॅमेऱ्याचा गाळा

मुंबईच्या फोर्ट भागातल्या बोरा बझारातल्या आमच्या गाळ्याच्या पाटीवर ‘जुने एसएलआर कॅमेरे व लेन्स : खरेदी, विक्री, दुरुस्ती’ असे लिहिलेले आहे. एसएलआर म्हणजे आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा. दुरुस्ती सर्वांत शेवटी आली ती पाटी रंगवणाऱ्याच्या सोयीने. धंदा उभा राहिला तो मात्र तिच्यावर, आणि मधल्या काळात बुडता बुडता वाचला तोही तिच्यामुळेच. फिल्मचे दिवस परत आले म्हणून आमचे अभिनंदन करायला येणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो, कारण ते दिवस येईपर्यंत हत्यारे सांभाळून ठेवणारे फार थोडे होते आणि आल्यावर हार घालून घ्यायला मात्र पुष्कळ जण पुढे सरसावले.

१९८४ साली अण्णांबरोबर भागीदारीत आम्ही हा गाळा पागडीने घेतला. अण्णा मूळचे घड्याळजी. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे जपानी कॅमेरा यायचा तो आखातातून परतणाऱ्याच्या सामानातून किंवा बोटीवरच्या माणसाकडून, आणि एकदा बिघडला की त्याचे सुटे भाग मिळण्याची आशाच नसे. रशियन झेनिट आणि पूर्व जर्मनीची प्राक्टिका यांच्याबाबतीतही फारसे वेगळे नव्हते. अण्णा घासून घासून दात बसवीत, स्प्रिंग हाताने वळवीत. शटर म्हणजे फिल्मवर क्षणभर प्रकाश सोडणारा पडदा; त्याची स्लो स्पीडची यंत्रणा म्हणजे घड्याळच, असे ते म्हणत आणि एका सेकंदाच्या स्पीडला शटर सोडून, डोळे मिटून तिचा आवाज ऐकत. मध्येच आवाज अडखळला की कॅमेरा उघडायचा. एकसारखा आला तर उगाच उघडायचा नाही, हा त्यांचा नियम आजही आमच्याकडे पाळला जातो.

त्यांचे टेबल अजून तसेच आहे. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूची फुली नेहमीच्या फिलिप्स स्क्रूपेक्षा वेगळ्या मापाची असते. बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यात लावला की टोक निसटते आणि स्क्रूचा माथा खरवडला जातो. त्यामुळे कोणताही कॅमेरा समोर आला की मी आधी तो उलटा करून तळपट्टीचे स्क्रू पाहतो, म्हणजे माझ्याआधी त्यात कोणाचा हात गेला आहे ते तिथेच कळते. लेन्सच्या रिंगा सोडवण्याचा दोन टोकांचा पाना, लेन्सवरची नावाची रिंग फिरवण्यासाठी वेगवेगळ्या मापांची रबरे, हेलिकॉइडचे (फोकस करताना लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या आट्यांचे) दोन प्रकारचे ग्रीस आणि सुईसारखी आखणी, ही आमची खरी पुंजी. हेलिकॉइड ज्या जागी सुटतो तिथे आखणीने खूण केली नाही, तर तो पुन्हा बसवताना आटे चुकीचे धरतात आणि लेन्स अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूवर, फोकस होत नाही. याशिवाय एक जुना, मोठ्या काचनळीचा टीव्ही आम्ही जपून ठेवला आहे. कापडी पडद्याचे शटर असलेल्या कॅमेऱ्याची पाठ उघडून त्यातून चालू टीव्हीकडे पाहत शटर सोडले की तिरपा पट्टा दिसतो; तो प्रमाणाबाहेर वाकला तर पडदा वाटेत रेंगाळतो आहे असे समजावे. आता इलेक्ट्रॉनिक टेस्टर आला आहे, तरी पहिला अंदाज मी टीव्हीवरच घेतो.

१९९० नंतरची बारा-तेरा वर्षे उत्तम गेली. त्याच काळात अण्णा वयोमानाने निवृत्त झाले आणि हत्यारे माझ्या स्वाधीन करून गावी गेले.

त्यानंतर जे झाले ते या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. २००३-०४ पासून डिजिटल एसएलआर लग्नाच्या फोटोग्राफरांच्या आवाक्यात आले. २००६ च्या जानेवारीत निकॉनने एफ६ आणि एफएम१० वगळता आपले जवळपास सर्व फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टा कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. आमच्याकडे दुरुस्तीला टाकलेले कॅमेरे लोक न्यायलाही येईनात. मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त झाली होती, तेव्हा त्यांचा दोष नव्हता. गाळ्याचा दर्शनी भाग मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला भाड्याने देऊन मी टेबलासह पोटमाळ्यावर गेलो. गल्लीतल्या अनेकांनी हत्यारे भंगारात काढली आणि मलाही तेच सुचवले. मी उलट केले. जे कॅमेरे भंगारवाला किलोवर घ्यायला निघाला होता, ते त्याच्या आधी मी उचलले : पेंटॅक्स के१०००, मिनोल्टा एसआरटी, निकॉन एफएम, सारे मेलेले, पण आतली चाके आणि प्रिझम शाबूत असलेले. घरच्यांनी यावर काय म्हटले ते इथे लिहीत नाही. आज हे भाग कोणतीही कंपनी बनवत नाही आणि आमच्या पोटमाळ्यावर ते डब्यांत, नावे घालून ठेवलेले आहेत.

त्या वर्षांत ज्या एका गिऱ्हाइकाने आम्हाला सोडले नाही, ते कोल्हापूरचे एक स्टुडिओवाले. त्यांच्याकडे १९७७ च्या पहिल्या मालिकेतला निकॉन एफएम होता आणि पोर्ट्रेटसाठी १०५ मिमी एफ/२.५ ही निक्कॉर लेन्स. त्या लेन्सने काढलेला चेहरा पाहिल्यावर तिच्याबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. दर पावसाळ्यानंतर ते कॅमेरा पंचात गुंडाळून, डब्यात घालून रात्रीच्या बसने पाठवीत आणि सोबत पोस्टकार्डावर सूचना असे : ‘१२५ चा स्पीड खरा १२५ च पाहिजे.’ १२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. स्टुडिओत त्यांनीही डिजिटल घेतले होते, पण एफएमची सर्व्हिसिंग थांबवली नाही, आणि आमची परिस्थिती कानावर गेल्यावर तर पुढच्या सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ पाठवले. मी फोनवर संकोच व्यक्त केला तेव्हा ते म्हणाले, “तुमचं दुकान बंद पडलं तर माझा कॅमेरा मी कुणाच्या बापाला दाखवू?” त्यांच्या ओळखीने सांगली-साताऱ्याकडची कामे येत राहिली आणि गाळ्याची देणी भागली.

मग तरुण मंडळी फिल्मकडे वळली आणि आमच्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एक नवे दुकान उघडले. त्याचे नाव घेण्याची मला गरज वाटत नाही. काचेची कपाटे, पिवळे दिवे, नवे कातडे चढवलेले कॅमेरे आणि प्रत्येकावर ‘सर्व्हिस्ड’ अशी गोल चिठ्ठी. कातडे बदलणे, प्रकाश अडवणारा फोम बदलणे आणि पितळ चमकवणे याला आमच्या धंद्यात सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. कॅनन एई-१ शटर दाबल्यावर कुरकुरतो तो मिररच्या यंत्रणेतले तेल वाळल्यामुळे. त्याला योग्य जागी सुईच्या टोकाने थेंबभर तेल पुरते. तिथे मात्र पिचकारी मारली जाई. आवाज लगेच थांबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि काही महिन्यांत तेच तेल पसरत पडद्यापर्यंत पोचते. निकॉन एफएम२ च्या शटरच्या धातूच्या पाती तर कोरड्याच धावल्या पाहिजेत. त्यांवर तेलाचा अंश आला तरी १/४००० सेकंदाच्या स्पीडची अपेक्षा सोडावी. मिनोल्टा एसआरटीसारख्या कॅमेऱ्यांचे प्रकाश मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी जुळवलेले आहेत. तो सेल आता मिळत नाही, म्हणून १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकून ‘मीटर चालू’ असे सांगितले जाते. मीटर चालते, पण प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवते, फोटो अंडर, म्हणजे कमी प्रकाशाचा, येतो आणि निगेटिव्हमधल्या सावल्या कोऱ्या राहतात. बिचारा मुलगा मग रोलला किंवा धुणाऱ्या लॅबला दोष देतो. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल बसवावा किंवा सर्किटमध्ये डायोड घालून व्होल्टेज उतरवावे, एवढाच उपाय आहे आणि तो आम्ही पहिल्यापासून करत आलो आहोत.

हे सारे मी सोडूनही दिले असते. परंतु ‘ते जुने लोक कॅमेरा महिनाभर अडकवून ठेवतात’ असे त्या दुकानातून सांगितले जाऊ लागले आणि एका कला महाविद्यालयाची के१००० ची मोठी ऑर्डर, जी दरवर्षी आमच्याकडे येत असे, तिकडे गेली. आम्ही कॅमेरा महिनाभर ठेवतो हे खरे आहे. जुळवलेले शटर काही दिवस तसेच ठेवून पुन्हा तपासल्याखेरीज आमच्याकडून कॅमेरा बाहेर पडत नाही. पुढच्याच वर्षी त्या महाविद्यालयाचे निम्मे कॅमेरे १/१००० ला फ्रेमची एक बाजू काळी येते म्हणून आमच्या टेबलावर आले. मी काही बोललो नाही, पण ती चिठ्ठी प्रत्येक कॅमेऱ्यावरून सोलून एका वहीत चिकटवून ठेवली आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पहिला कॅमेरा घेणाऱ्याने के१००० किंवा एफएम घ्यावा, कारण त्यांचे शटर बॅटरीविना चालते. एई-१ चे तसे नाही. सेल संपला की तो मुका. १९७६ ते १९९७ एवढा काळ के१००० निघत होता, त्यातला समोर ‘असाही’ कोरलेला पाहावा. शेवटी शेवटी निघालेल्यांचे वरचे झाकण प्लास्टिकचे आहे. त्याच्या मीटरला बंद करण्याची कळ नाही, तेव्हा वापर झाला की लेन्सला टोपण घालावे. लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. बुरशीची जाळी दिसली तर किंमत पाडून मागण्यापेक्षा ती परत ठेवावी, कारण बुरशी पुसली तरी तिने खाल्लेले कोटिंग परत येत नाही. याउलट पेंटॅक्सची ५० मिमी एफ/१.४ ची जुनी टाकुमार लेन्स पिवळी दिसली म्हणून सोडू नये. तिच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असते, त्यानेच ती पिवळी पडते, आणि काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एक अनोळखी मुलगा एका पिशवीत तीन एफएम२ घेऊन आला. तिन्हींच्या पाती तेलाने चिकटलेल्या होत्या आणि तळाशी चिठ्ठी काढल्याच्या खुणा ताज्या होत्या. कॅमेरे कोणाचे, हे विचारल्यावर तो ‘काकांचे’ म्हणाला. कामाचा दर मी नेहमीचाच लावला, महिन्याची मुदत सांगितली, आणि पावती मात्र पहिल्या मजल्यावरच्या दुकानाच्या नावाने फाडली. मुलाने ती घडी घालून खिशात ठेवली.