रायगड : रोपवेने गेलात तरी समाधी लांबच आहे

‘रोपवेने गेलं की पाच मिनिटांत गड’ असं खाली कुणीही सांगतं. साफ दिशाभूल आहे ही. हिरकणीवाडीचा रोपवे फक्त चढ वाचवतो. तो सोडतो राणीमहालांच्या बाजूला आणि महाराजांची समाधी आहे पार दुसऱ्या टोकाला. राजसदर, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, मग समाधीलगतच्या जगदीश्वराच्या देवळाकडे उतार. म्हणजे परतताना तोच चढ. या टप्प्यात सावली नाही. उन्हाळ्यात दहानंतर कातळ असा तापतो की वयस्कर मंडळी बाजारपेठेतूनच मागे फिरतात. समाधी न पाहता रायगडावरून परतण्यात काही अर्थ नाही. म्हणून आधी थेट समाधी गाठा, बाकीचं येताना बघा.

पायी चढणाऱ्यांनो, चित्त दरवाजाकडून दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. महादरवाजा दिसला की सगळे उरलेलं पाणी संपवून टाकतात. चूक! दरवाजा आत वळवून दोन बुरुजांच्या कुशीत लपवलाय आणि खरी दमछाक त्याच्या पुढे, हत्ती तलावापर्यंत. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे लय सापडत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, त्यातलं निम्मं महादरवाजानंतर लागतं. वर मिळणाऱ्या ताकाला घासाघीस करू नका, ते डोक्यावरून वर आलेलं असतं.

घासाघीस करायची ती गाइडशी. ‘पूर्ण गड’ म्हणून पैसे ठरतात आणि माहिती बाजारपेठेत संपते. पुढे ‘सरळ जा’. निघण्याआधीच ‘जगदीश्वर, समाधी आणि टकमक टोक धरून किती?’ असं विचारा. पैसे शेवटी द्या.

जगदीश्वराच्या देवळाशी पायरीकडे लक्ष असू द्या. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव तिथे दगडात कोरलंय, ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं. अक्षरं झिजलीत, तिरप्या उन्हातच नीट उठतात. अष्टकोनी समाधी पूर्वेच्या दरवाजातून पुढे. इंग्रजांच्या १८१८ च्या तोफांनंतर गड ओस पडला, झाडोऱ्यात गेलेली ही जागा महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शोधून काढली. इथे अर्धा तास तरी ठेवाच.

पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंची समाधी रस्त्यालगतच आहे, चढ नाही.

६ जून, तिथीचा राज्याभिषेक आणि शनिवार-रविवार टाळा. रोपवेच्या रांगेत सकाळ जाते. जोराच्या वाऱ्यात तो बंदही ठेवतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी पावसाळ्यात येऊच नये.