यंत्राची चूक की आकाश?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पणजीत दुर्बीण पाहायला आलेले पालक विचारतात, वर्गातली मुलंही विचारतात: 15 लाख किलोमीटरवरच्या उपग्रहाच्या यंत्रात चूक असेल तर ती इथे बसून ओळखायची कशी? दुरुस्तीला तर कुणी जाऊ शकत नाही. बहुतेकांना वाटतं, यंत्र मुळातच निर्दोष बनवत असतील. तसं यंत्र बनत नाही. खरी युक्ती अशी, की यंत्राची चूक एका चालीने बदलावी आणि आकाश दुसऱ्या चालीने.

विश्वाच्या बाल्यावस्थेतला उरलेला प्रकाश, म्हणजे वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण, आज 2.725 केल्विनचा आहे. त्याच्या तापमानातले चढउतार साधारण 100 मायक्रोकेल्विनचे (मायक्रोकेल्विन म्हणजे केल्विनचा दहा लाखावा भाग), ध्रुवण, म्हणजे लहरींचं एका ठरावीक दिशेतलं कंपन, त्याहून बरंच कमी. आणि ध्रुवणाच्या ज्या भोवऱ्यासारख्या 'बी-मोड' नक्षीत आदिम गुरुत्वीय लहरींची, म्हणजे विश्वाच्या आरंभी अवकाशातच उठलेल्या तरंगांची खूण शोधतात, ती मायक्रोकेल्विनचाही लहानसा अंश. हे सूक्ष्मतरंग हवेतली वाफ शोषते, वर स्वतःही त्याच पट्ट्यात चमकते. गोव्याची हवा किती दमट ते आपण जाणतोच. म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणी दक्षिण ध्रुवावर आणि अटाकामाच्या वाळवंटात बसवतात, आणि अख्खं आकाश हवं असेल तर अंतराळात जावं लागतं.

ध्रुवण मोजायची साधी रीत म्हणजे काटकोनात दोन संवेदक लावायचे आणि एकाचं माप दुसऱ्यातून वजा करायचं. पण एक संवेदक दुसऱ्यापेक्षा 1 टक्का जास्त तिखट असला, तर वजाबाकीत तापमानाचाच मायक्रोकेल्विनभर अंश उरतो आणि तो हुबेहूब ध्रुवणासारखा दिसतो.

हाच प्रकाश मोजायला 14 मे 2009 रोजी निघालेल्या प्लँक उपग्रहाचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. आकाशाची तीच वर्तुळं वर्षभराने पुन्हा मोजली, तर 0.1 केल्विनपर्यंत थंड ठेवलेल्या संवेदकांची संवेदनशीलता 1-2 टक्क्यांनी बदललेली दिसली. संवेदक ठीक होते. त्यांच्या संकेताचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. जानेवारी 2012 मध्ये थंडाव्याचं हेलियम संपलं. या संवेदकांचं निरीक्षण थांबल्यावर त्याच उबदार यंत्रावर त्या पायऱ्या मोजून घेतल्या, आणि मग आधीच्या मोजमापांत सुधारणा केली.

टक्का-दोन टक्क्यांचा फरक पकडायला पक्कं मापही हवं. ते पृथ्वीच्या गतीतून मिळालं. पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने जाताना पुढचं आकाश सुमारे 270 मायक्रोकेल्विन गरम दिसतं, मागचं तेवढंच थंड. हा वेग आपल्याला अगदी नेमका माहीत असतो.

बी-मोड शोधण्यासाठी जपानच्या पुढाकाराने आखलेल्या लाइटबर्ड उपग्रह मोहिमेत दुर्बिणीपुढे सतत फिरणारी हाफ-वेव्ह प्लेट, म्हणजे ध्रुवणाची दिशा फिरवणारी चकती, ठेवायची योजना आहे. तिची कल्पना मांडवीकाठीच येईल. पोलरॉइड चष्मा डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा: पाण्यावरची तिरीप एका फेरीत दोनदा मंदावते. काचेवरचा डाग मात्र फेरीत एकदाच मूळ जागी येतो. हाफ-वेव्ह प्लेटमध्ये आकाशाचं ध्रुवण एका फेरीत चारदा हेलकावतं, तर प्लेटचे स्वतःचे दोष बरेचसे फेरीत दोनदा. त्यामुळे ते गाळता येतात. सगळे नाही. तिरप्या येणाऱ्या किरणांमुळे काही दोष त्या चारदाच्या तालातही घुसतात, आणि माझ्या मते या मोहिमेतलं सगळ्यात चिवट काम तेच.

आता राहिला कोन. संवेदक ठरल्यापेक्षा अर्धा अंश तिरका बसला, तर ध्रुवणाच्या दुसऱ्या, भोवरा नसलेल्या आणि कितीतरी ठळक 'ई-मोड' नक्षीतला भाग 'बी-मोड'मध्ये झिरपतो. 2020 मध्ये मिनामी आणि कोमात्सु या शास्त्रज्ञांनी त्यावर सुंदर तोड काढली. संवेदक तिरका असेल तर आपल्या आकाशगंगेचा प्रकाशही तितकाच वळलेला दिसेल. पण ध्रुवण प्रवासातच वळलं असेल, तर ते फक्त अब्जावधी वर्षं चालत आलेल्या प्रकाशात दिसेल. प्लँकच्या मापांत दोन्ही वेगळे केल्यावर 0.35 अंश उरले, अधिक-उणे 0.14. हे खरं ठरलं तर नवं भौतिकशास्त्रच हाती लागेल. पण आकाशगंगेतल्या धुळीचं स्वतःचं ध्रुवण नीट उमगेपर्यंत मी त्यावर शिक्कामोर्तब करणार नाही.