नाव न घेता

शिराळा तालुक्यातल्या आमच्या गावी दिवेलागणीनंतर ‘साप’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. परड्यात काही सळसळले आणि माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला, की आजी चुलीपुढून उठून दारात येई आणि “लांबडं म्हणावं रं, नाव घेऊ नये, त्याला ऐकू जातं,” असे दटावी. चावला, तरी चावला म्हणायचे नाही; ‘पान लागलं’ म्हणायचे. ज्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याच मुलखात नागोबाला दिवसा मानाने हाक मारायची आणि रात्री मात्र ओळखही दाखवायची नाही, हा प्रकार मला मोठा गमतीचा वाटे. सापाला बाहेरून दिसणारे कानच नसतात, हे शाळेत शिकून आल्यावर मी आजीला ऐकवलेही होते. तिच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

पुढे प्राचीन इजिप्तमधली एक कथा वाचनात आली, आणि तिच्यात साप आणि नाव एकत्रच भेटले. सूर्यदेव रा म्हातारा झाला होता व त्याच्या तोंडातून लाळ गळत असे. इसिस देवीने ती लाळ मातीत कालवली, तिचा साप घडवला आणि त्याच्या वाटेवर ठेवून दिला. दंश झाल्यावर कळवळणाऱ्या देवाला ती म्हणाली, की तुझे खरे नाव सांगितलेस तरच विष उतरवीन. त्याने बरीच नावे सांगून पाहिली. सकाळी मी खेप्री, दुपारी रा आणि संध्याकाळी अतुम, असेही म्हणून झाले. यात खरे नाव नाही, हे तिने अचूक ओळखले, आणि अखेर ते गुप्त नाव त्याला तिच्या स्वाधीन करावेच लागले. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या जर्मन लोककथांमधला बुटका तर याहून भोळा निघाला. राणीला माझे नाव ओळखता आले नाही तर तिचे मूल माझे, असा करार करून तो रानात गेला आणि शेकोटीभोवती नाचता नाचता स्वतःचेच नाव गाऊन बसला. गुपित पोटात ठेवणे फक्त माणसांनाच जड जाते, असे नाही.

आपल्याकडे ही खबरदारी पाळण्यापासूनच घेतलेली असते. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण, अशा १०८ चरणांपैकी ज्या चरणावर मूल जन्मले त्याच्या अक्षरावरून रासनाव निघते; अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला यांपैकी एक. ते पत्रिकेत राहते आणि हाक मारायला दुसरेच नाव ठेवतात, कारण रासनाव कळले तर करणी नेमकी लागू पडते, अशी जुन्यांची समजूत. माझे रासनाव ट्रंकेतल्या पिवळ्या कागदावर सापडले तेव्हा मी ते मनातल्या मनात दोनतीनदा उच्चारून पाहिले; ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटले. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे तर दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवून मृत्यूलाच फसवायचा बेत असे. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे, ते बहुधा या धोंडूंमुळेच!

आजीची खरी पंचाईत आजोबांच्या नावाची होती. ते विठोबाच्याच नावांपैकी एक होते. (कोणते, ते मीही इथे लिहीत नाही, तिने साठ वर्षे सांभाळलेले मी का उघड करावे?) आरतीत ते नाव आले की ती ओठ मिटून घेई आणि टाळी मात्र दुप्पट जोराने वाजवी. भागवतातल्या अजामिळाने मरताना धाकट्या मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारली आणि तेवढ्यावर विष्णुदूत धावून आले. इथे नवऱ्याचा मान राखायचा म्हणून देवच बिननावाचा राहत होता. पेन्शनच्या कागदांवर नवऱ्याचे नाव विचारले, की ती माझ्या दंडाला चिमटा काढी आणि मी ते सांगत असे.

तिचे स्वतःचे नाव रुक्मिणी. ते लग्नात ताटभर तांदळांत अंगठीने रेखून दिलेले होते, आजोबांच्या नावाला जुळेलसे. त्याआधी तिला काय म्हणत, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलेच नव्हते. एका दिवाळीत भाऊबीजेला तिचे थोरले भाऊ काठी टेकत आले. त्यांना दिसत बेताचेच होते. अंगणात उभे राहून त्यांनी हाक मारली, “बने, अगं ए बने!” आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला आणि आजी, गुडघ्यांची तक्रार विसरून, “आले रे दादा,” म्हणत धावत बाहेर आली.