जीपीएस मॉड्यूल आणि "५ व्होल्ट चालतं"

जीपीएस मॉड्यूल आर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला जोडायचं म्हणजे चार तारांचं काम. पण माझ्या मॉड्यूलच्या बोर्डवर व्हीसीसीपाशी, म्हणजे वीज घेणाऱ्या पिनपाशी, छापलेलं "३ ते ५ व्होल्ट" मला अजून खटकतं. विक्रेत्याला विचारलं, डेटाच्या पिनांनाही ५ व्होल्ट चालतात का? उत्तर आलं, "५ व्होल्ट चालतं." आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनचं नाव घालून पुन्हा विचारलं, तरी तेच! ज्या एका उत्तरावर चिप वाचणार की जाणार हे ठरतं, ते इतक्या बेफिकिरीने कसं देतात?

शेवटी चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडली. मॉड्यूलवरच्या निओ-६एम या जीपीएस चिपला २.७ ते ३.६ व्होल्टच लागतात. बोर्डवरचा रेग्युलेटर ५ चे ३.३ करतो, पण फक्त व्हीसीसीच्या वाटेवर. आरएक्सच्या वाटेत तो येतच नाही, आणि ऊनोचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) तर ५ व्होल्ट सोडतो. म्हणून ऊनोच्या टीएक्सपासून मॉड्यूलच्या आरएक्सकडे जाताना मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घातला आणि आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहमचा, म्हणजे ५ व्होल्ट दोघांत विभागले जातात. मॉड्यूल लांबच ठेवून आधी त्या जोडावर मल्टीमीटर धरला. काटेकोर ३.३! तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उलट दिशेला, म्हणजे मॉड्यूलच्या टीएक्सकडून ऊनोच्या आरएक्सकडे, काहीच लागत नाही, ३.३ व्होल्ट ऊनोला बरोबर कळतात.

बाकी जोडणी चुटकीसरशी झाली. दोन्हीकडचं ग्राउंड एक हवं, डेटाचा वेग ९६०० बॉड.

हो, अँटेना मात्र वीज देण्याआधीच लावा. अ‍ॅक्टिव्ह अँटेनाला (जिच्या आत अ‍ॅम्प्लिफायर असतो) त्याच केबलमधून वीज जाते, त्यामुळे चालू असताना काढ-घाल नको. तो इवलासा कनेक्टर जेमतेम ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. केबल ओढू नका, टोपीला धरून सरळ वर उचला.

घरात बसून फिक्सची, म्हणजे उपग्रहांवरून जागा सापडण्याची, वाट बघत बसू नका, मोकळ्या आकाशाखाली न्या. तिथे मॉड्यूल पाठवतं त्या आरएमसी नावाच्या ओळीत आधी नुसते स्वल्पविराम आणि 'व्ही' (जागा अजून सापडलेली नाही) येत होता. मग त्या 'व्ही'चा 'ए' (सापडली) झाला आणि मागोमाग अक्षांश-रेखांशाचे आकडे झरझर उतरू लागले. आता विक्रेत्याला पुन्हा विचारायची गरज नाही.