विंगमनला श्वास घेऊ द्या

गेले दोन महिने रात्री जागून मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, कॉम्बॅट फ्लाइट सिममधला (लढाऊ विमान उडवायच्या गेममधला) एआय विंगमन, म्हणजे शेजारून उडणारा संगणकाचा साथीदार पायलट, रेडिओवर माणसासारखा बोलला पाहिजे. ग्राफिक्स आता असे झालेत की ढगातून बाहेर आलं की अंगावर काटा येतो, आणि तेवढ्यात कानात पडतं "टू... एंगेजिंग... बँडिट" (दोन नंबर, शत्रूच्या विमानावर हल्ला करतोय), प्रत्येक शब्द वेगळ्या दिवशी रेकॉर्ड केल्यासारखा, की संपलं सगळं.

आधी मला वाटलं प्रश्न आवाजाचाच आहे. म्हणून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप घेतल्या, ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३,४०० च्या वरचं कापलं, आवाजातले चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर लावला, थोडी खरखर घातली. रेडिओ वाटला, माणूस नाही वाटला. कारण ७ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोराच्या वळणात असलेला पायलट इतका निवांत बोलेलच कसा? पाय-पोट आवळून, छातीत हवा कोंडून साधारण दर ३ सेकंदांनी तो झटक्यात श्वास सोडून घेतो आणि जे काय बोलायचं ते त्या फटीत. मग मी एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड केलं, सरळ उडतानाचं, ४ जीचं आणि ७ जीचं, शेवटच्यात शब्द मध्येच तुटलेला, आणि त्या क्षणाला विमानावर किती जी आहे ते बघून स्क्रिप्ट क्लिप निवडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समोरचं टार्गेट सोडून मी विंगमन कुठंय ते बघायला मान वळवली!

पण खरी गोम रांगेत आहे. एआयचे मेसेज एकामागोमाग एक वाजतात, त्यामुळे अवॅक्स (रडारने आकाशावर नजर ठेवणारं विमान) अंतर, उंची, दिशा सावकाश वाचत बसतं आणि "ब्रेक लेफ्ट" (झटकन डावीकडे वळ) येतं तोवर मिसाईल येऊन धडकलेलं असतं. खऱ्या रेडिओवर आधी काय करायचं ते सांगतात, का ते नंतर. म्हणून आता मी प्रत्येक मेसेजला महत्त्व आणि आयुष्य दिलंय, मिसाईलचा इशारा बाकी सगळ्यांना तोडून घुसतो आणि अवॅक्सची माहिती १० सेकंदांत बोलली गेली नाही तर फेकून देतो, शिळी माहिती देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आणि विंगमनला सगळं दिसतं हे तर मला अजिबात पटत नाही. मध्ये ढग असेल तर "टॅली" (शत्रू दिसला) नाही, "नो जॉय" (दिसत नाही) म्हणायला हवं. तेवढी एक दृष्टिरेषेची तपासणी घातली आणि तो मला पहिल्यांदाच चुकू शकणारा, घाबरू शकणारा सोबती वाटला.

आता दोघं एकाच वेळी बोलले की एएम रेडिओवर जी किंचाळी उठते आणि कुणाचंच कळत नाही, ती करतोय. त्यावर एआयने थोडं थांबून "से अगेन" (पुन्हा सांग) विचारायला हवं, ते थांबणं किती सेकंदांचं ठेवायचं यावर सध्या अडकलोय.