पुस्तकांच्या दुकानाला ‘ना हरकत’ कुणाची लागते? माझा अनुभव

दुकान सुरू झालं, बरं चाललंय. तरी नगरपंचायतीतल्या त्या एका टेबलाची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते. लहान गावात कुणी पुस्तकांचं दुकान काढायच्या विचारात असेल, तर त्याने निदान या ठिकाणी तरी अडकू नये.

आमचं गाव माणदेशातलं, तालुक्याचं. हायस्कूल, ज्युनिअर कॉलेज, पोलीस भरतीच्या अकॅडम्या, सगळं आहे. शाळेची पुस्तकं-वह्या विकणारी दुकानंही आहेत. पण कथा, चरित्रं, लहान मुलांच्या गोष्टी असं काही हवं असेल, तर पुण्याला निघालेल्या कुणाला तरी अप्पा बळवंत चौकातून आणायला सांगायचं. पेठेत देवळाच्या बाजूला एक गाळा रिकामा होता. मालक अण्णा आमच्या सासऱ्यांच्या ओळखीचे, भाडं परवडणारं. पुढच्या कट्ट्यावर दोन बाकडी टाकायची, ज्याला वाटेल त्याने बसून पुस्तक चाळावं, एवढं मी ठरवलं होतं.

विरोध सुरू झाला तो त्या बाकड्यांवरून. “वहिनी, पोरं-पोरी एकत्र बसायला लागली तर जबाबदारी कुणाची?” असं पेठेतल्या एकाने भर रस्त्यात विचारलं. मग विषय पुस्तकांवर आला. अंधश्रद्धा निर्मूलनाची पुस्तकं देवळाशेजारी चालणार नाहीत, असा निरोप दोघा-तिघांकडून आला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. त्या विषयावरचं पुस्तक उघडपणे विकायला मी कुणाला का घाबरावं? संतवाङ्मय आणि ही पुस्तकं मी एकाच भिंतीला ठेवणार होते आणि आज तशीच ठेवली आहेत.

माझ्यावर काही चालेना, तेव्हा लोक अण्णांकडे गेले. अण्णा वयस्कर, एकटे राहणारे. मला म्हणाले, “पोरी, माझं काही म्हणणं नाही. पण नगरपंचायतीची ना हरकत आण, मग आपण करार करू.”

इथून सगळं अडलं.

अर्ज लिहिला, सोबत गाळ्याचा कर भरल्याची पावती जोडली आणि टेबलावर नेऊन दिला. तिथल्या लिपिकाने तो वाचलाही नाही, काचेच्या पेपरवेटखाली सरकवला. पुढच्या खेपेला गेले तर अर्ज तिथेच, वर चहाच्या कपाचा गोल डाग. “तक्रार आलीये मॅडम.” कुणाची? “ते सांगता येत नाही.” तक्रारीत आहे तरी काय? “साहेब बघतील.” साहेब कधी मीटिंगला, कधी जिल्ह्याला, कधी आत असूनही बिझी. इकडे मी फर्निचरवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसलेली, घरात रोज तोच विषय. नवरा म्हणाला, दुसरा गाळा बघू. मला ते पटेना. बाजारपेठेतून उठवलं की गावाबाहेर जायचं, हे एकदा मान्य केलं असतं तर तिथेही कुणीतरी आडवं आलंच असतं.

त्यातच एक हवालदार येऊन म्हणाले, कोणकोणती पुस्तकं ठेवणार त्याची यादी ठाण्यात द्या. मी विचारलं, कोणत्या कलमाखाली? उत्तर आलं नाही. एखाद्या पुस्तकावर बंदी आणायची तर सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 खाली निघायची, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 खाली निघते. सरकारजमा केलेलं पुस्तक मी ठेवणार नाही, असं दोन ओळींचं पत्र ठाण्यात दिलं, यादी दिली नाही. ते पुन्हा आले नाहीत.

नगरपंचायतीतली कोंडी फुटली ती एका निवृत्त ग्रामसेवक काकांमुळे. त्यांनी पहिला प्रश्न केला, “आवक क्रमांक कुठाय?” टेबलावर ठेवलेला अर्ज म्हणजे अर्जच नव्हे. तो आवक-जावक विभागात द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. मी नव्याने अर्ज केला आणि या वेळी परवानगी मागितली नाही. प्रश्न विचारला: पुस्तकविक्रीला आपल्या कार्यालयाची ना हरकत लागते का, लागत असल्यास कोणत्या नियमाने? सोबत माहितीच्या अधिकाराचा वेगळा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: माझ्या दुकानाविरुद्ध आलेल्या तक्रारीची प्रत आणि तिच्यावरचे शेरे द्यावेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं. माझं अपील लिहून तयार होतं.

प्रत मिळाली. नावं झाकलेली. जेमतेम अर्ध्या पानाची तक्रार: रहदारीला अडथळा होईल, तरुण पिढी बिघडेल, भाविकांच्या भावना दुखावतील. शेऱ्याच्या जागी काहीही नाही. म्हणजे त्या कागदावर कुणी काही ठरवलंच नव्हतं, नुसता तो दाखवून मला परत पाठवत होते. त्यानंतर दुसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. नगरपंचायतीच्या परवाना लागणाऱ्या व्यवसायांच्या यादीत पुस्तकविक्री नाही, सबब ना हरकतीची आवश्यकता नाही.

ती ओळ वाचून मी ऑफिसच्या पायरीवरच बसले. आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. गरज नसलेल्या कागदासाठी शाळा सुरू होण्याचा अख्खा हंगाम हातातून गेला होता. त्या उत्तराची एक प्रत अण्णांना दिली, एक लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावली. कुणी विचारलं की बोट दाखवते. तुमच्या गावची यादी वेगळी असू शकते, म्हणून आधी लेखी विचारा. तोंडी ‘नाही’ला अपील करता येत नाही.

बाकीचे कागद सोपे. गुमास्ता म्हणतात ती दुकानाची नोंद 2017 च्या दुकाने कायद्यापासून एकट्या-दुकट्याच्या दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना देऊन होते, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत. ती पावती आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, बँकेला चालू खात्यासाठी पुरली. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. नुसती पुस्तकं विकत असाल तर नोंदणीचीही गरज नाही. पेन-फाइली ठेवल्या की करवाला माल येतो आणि उलाढालीची मर्यादा बघावी लागते.

माल घेताना परतीची अट बिलावर लिहून घ्या. दिवाळी अंकांना तर नक्कीच, तुळशीचं लग्न झालं की ते कुणी विचारत नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आवृत्ती बदलली की अडकतात, थोडी थोडीच मागवा. माझं भाडं त्यांच्यावर निघतं, पण जास्त हात लागतात ते मुलांच्या गोष्टींना.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: भाडेकरार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं मालकावर बंधनकारकच आहे, पण ओळखीत लोक नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवतात. दुकान उघडल्यावरही अण्णांकडे माणसं गेली होती. करार नोंदवलेला, मुदत स्पष्ट, मधेच काढता येणार नाही हे कलम त्यात लिहिलेलं. अण्णांनी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “आता माझ्याही हातात नाही.”