सुपरबॉय वगळला आणि लीजन अधांतरी

रविवार, रात्री

सुपरमॅनची मूळ कथा नव्याने सांगणारी जॉन बर्न यांची कॉमिक मालिका ‘द मॅन ऑफ स्टील’ (१९८६) आज पुन्हा सलग वाचली. सहाच अंक. नायकाची मूळ कथा नव्याने सांगितली की वाचक चिडणार, हे ठरलेलंच. पण चिडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते.

पहिली तऱ्हा आवडीनिवडीची. बर्न यांचा क्रिप्टॉन, म्हणजे सुपरमॅनचा मूळ ग्रह, थंडगार आहे. माणसं एकमेकांना शिवतही नाहीत, मूल यंत्राच्या गर्भात वाढतं आणि त्या गर्भासकटच यान निघतं. म्हणजे हिशेबाने क्लार्क (सुपरमॅनचं पृथ्वीवरचं नाव) जन्मला पृथ्वीवरच! काहींना हे रूक्ष वाटतं. मला यातच बर्न यांची हुशारी दिसते. सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर उद्योगपती झाला, क्लार्क मोठा झाल्यावरही त्याला वाढवणारं केंट दांपत्य हयात राहिलं. हे बदल तर इतके अंगवळणी पडले की पुढच्या लेखकांनीही ते बरेच दिवस ठेवले.

दुसरी तऱ्हा खरी दुखऱ्या जागेवरची. या क्लार्कच्या अंगी शक्ती हळूहळू येतात आणि पोशाख चढतो तो मोठेपणी. म्हणजे सुपरबॉय, किशोरवयातला सुपरमॅन, कधी झालाच नाही. पण ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ १९५८ मध्ये अवतरली तीच मुळी सुपरबॉयच्या गोष्टीत, ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २४७व्या अंकात. भविष्यातली ही पोरं एकत्र येतात ती त्याचा आदर्श ठेवून. तोच नाही म्हटल्यावर संघ उभा कशावर? लीजनच्या चाहत्यांची तक्रार रास्त होती. एका मालिकेची साफसफाई दुसरीच्या मुळावर आली होती.

मग १९८७ मध्ये ठिगळ लावलं. टाइम ट्रॅपर या खलनायकाने एक छोटं वेगळं विश्व घडवलं होतं, लीजन भूतकाळात म्हणून जायची ती तिथे, आणि सुपरबॉय तिथलाच, असा खुलासा. वाचायचा क्रम असा: ‘लीजन’ ३७, ‘सुपरमॅन’ ८, ‘ॲक्शन कॉमिक्स’ ५९१, ‘लीजन’ ३८. नुसता ‘सुपरमॅन’ ८ उचलला तर डोक्यावरून जातं, कारण गोष्ट सुरू होते आणि संपते लीजनच्या अंकांत. शेवटी सुपरबॉय मरतो.

ठिगळाचाही दोरा पुढे उसवलाच. ‘सुपरमॅन’ २२ (१९८८) मध्ये त्याच छोट्या विश्वातले तीन क्रिप्टॉनी गुन्हेगार तिथली पृथ्वी बेचिराख करतात आणि सुपरमॅन त्यांना क्रिप्टोनाइटने (क्रिप्टॉनवासीयांना मारक खनिजाने) ठार मारतो. सुपरमॅनने जीव घ्यावा का, यावरून वाचक अजून हमरीतुमरीवर येतात. त्या वादात सुपरबॉयचं नाव क्वचितच निघतं, पण तो वगळला नसता तर हे विश्वच लागलं नसतं.

जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या ‘सीक्रेट ओरिजिन’ने (२००९-१०) चूक उलटवली. दुसऱ्याच अंकात लीजनची पोरं क्लार्कच्या गावी, स्मॉलव्हिलला हजर! फ्रँक यांनी क्लार्कला सरळसरळ पडद्यावरच्या सुपरमॅनचा, क्रिस्टोफर रीव्हचा चेहरा दिलाय. कुणाला तो गोड वाटतो, कुणाला खटकतो.

ही मांडणी पुरती रुळायच्या आत, २०११ मध्ये प्रकाशक डीसीने पाटी पुन्हा कोरी केली आणि तरुण सुपरमॅन जीन्स-टीशर्टवर वावरू लागला. त्या जीन्सवरून झालेला गदारोळ मात्र निखळ पहिल्या तऱ्हेचा.